‘गोडझिला विरुद्ध हेडोरा’ इतकी वर्षं टुकार म्हणून गाजला, मग आता फॅन लोक त्याला एवढं डोक्यावर का घेतायत?

तुम्ही लिहिलंय की इंग्लिश डब लावला, मधेच कार्टून सुरू झालं, मग गोडझिला तोंडातून आग सोडत उलटा उडायला लागला आणि तिथे तुम्ही बंद केला, आणि आता जिकडेतिकडे लोक याला सिरीजमधल्या उत्तम सिनेमांत धरतायत ते बघून प्रश्न पडलाय की हे खरंच आहे का फक्त वेगळं काहीतरी बोलायची फॅशन. माझं उत्तर असं की खरंच आहे, थोडी अतिशयोक्ती होतेय पण मुळात खरं आहे. हा माझ्या अतिशय जवळचा सिनेमा आहे त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी एक गोष्ट. हा सिनेमा जपानमधे २४ जुलै १९७१ ला आला. ही तारीख लक्षात ठेवा, कारण माझ्या मते सगळं कोडं तिथेच सुटतं. १९५४ चा पहिला गोडझिला आठवा, त्या वर्षी १ मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, ‘लकी ड्रॅगन ५’ नावाच्या जपानी मासेमारी बोटीवर ती राख पडली, आणि ३ नोव्हेंबरला सिनेमा थिएटरात. म्हणजे लोकांच्या मनात भीती ताजी असताना आलेला सिनेमा. त्यानंतर पंधराएक वर्षांत गोडझिला हळूहळू लहान मुलांचा हिरो झाला, कुस्त्या खेळायला लागला, परग्रहवाल्यांशी भांडायला लागला. त्यातले बरेच मला आवडतात, पण भोवतालच्या जपानशी त्यांचं नातं पातळ होत गेलं हे मान्य करायला पाहिजे. १९७० च्या जानेवारीत एइजी त्सुबुराया गेले, ज्यांनी स्पेशल इफेक्टची ही सगळी पद्धत उभी केली होती. बजेट घटत होतं, आणि हे सिनेमे बनवणारी तोहो कंपनी ते शाळेच्या सुट्ट्यांमधे ‘चॅम्पियन फेस्टिवल’ म्हणून मुलांसाठी कार्टून वगैरेंसोबत एकत्र दाखवायची.

आणि अशा वेळी योशिमित्सु बान्नो नावाच्या माणसाला काम मिळतं. दिग्दर्शक म्हणून पहिलाच फीचर. त्याआधी अकिरा कुरोसावांकडे असिस्टंट होते, आणि १९७० च्या ओसाका एक्स्पो या जागतिक प्रदर्शनात मित्सुबिशीच्या पॅव्हेलियनचं काम केलेलं, ते बघूनच निर्माते तोमोयुकी तानाकांनी त्यांना बोलावलं. पैसे कमी, शूटिंगला जेमतेम ३५ दिवस, आणि तोहोत एरवी नाट्याचं युनिट वेगळं आणि मॉन्स्टरचं युनिट वेगळं असायचं तशी चैन इथे नाही, एकाच युनिटने दोन्ही उरकायचं. त्यात तानाका आजारी पडून हॉस्पिटलमधे, म्हणजे रोज येऊन ‘हे काय चाललंय’ विचारणारं कोणी नाही. एवढा मोकळेपणा या सिरीजमधे त्याआधी कोणाला मिळाला असेल असं मला वाटत नाही.

आता तो काळ बघा. मिनामाताला चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून समुद्रात जाणारा पारा, तोयामाला नदीतून भातशेतीत गेलेलं कॅडमियम, त्याने बायकांची हाडं अक्षरशः खचून मोडायची, योक्काइचीला पेट्रोकेमिकलच्या धुराने दमा. १९७० च्या जुलैमधे तोक्योच्या सुगिनामी भागात एका शाळेच्या मैदानावर ४० हून जास्त मुलींना स्मॉगमुळे एकदम त्रास झाला, डोळे चुरचुरायला लागले, श्वास लागेना, काही कोसळल्या. त्याच वर्षी फूजी शहराजवळच्या तागोनोउरा बंदरात कागद गिरण्यांचा गाळ इतका साठला की तो देशभर चर्चेचा विषय झाला. वर्षअखेरीला जपानच्या संसदेने प्रदूषणावरच अधिवेशन भरवून १४ कायदे केले. ३० जून १९७१ ला तोयामाच्या पीडितांच्या बाजूने कोर्टाचा निकाल लागला, १ जुलैला सरकारची पर्यावरण एजन्सी सुरू झाली, आणि तीन आठवड्यांनी हा सिनेमा आला. योक्काइचीचा निकाल बरोबर एक वर्षाने, २४ जुलै १९७२ ला लागला.

हे माहीत असताना सिनेमा परत लावला की पडद्यावरची एकेक गोष्ट वेगळी दिसायला लागते. हेडोरा म्हणजे प्रदूषणातून वाढलेला राक्षस, त्याचं नावच कारखान्याच्या गाळावरून घेतलंय आणि कथा घडते सुरुगा खाडीच्या आसपास, म्हणजे त्याच तागोनोउराच्या दारात. हेडोरा आकाशातून उडत जातो आणि खाली शाळेच्या मैदानात व्यायाम करणाऱ्या मुली खोकत कोसळतात, हा सीन जपानी प्रेक्षकांनी आदल्याच उन्हाळ्यात बातम्यांमधे बघितलेला होता हो! आपण इतक्या वर्षांनी दुसऱ्या देशात बसून बघतो तर तो फक्त मॉन्स्टरचा एक हल्ला वाटतो. टायटलचं गाणंच घ्या. केइको मारी गातात, ‘काएसे! ताइयो ओ’, म्हणजे सूर्य परत द्या असं. शब्द बान्नोंचेच आहेत आणि त्यात पारा, कोबाल्ट, कॅडमियम, शिसं अशी विषांची यादीच म्हटलीय, तीही मस्त नाचायच्या ठेक्यावर, आणि पडद्यावर घाण पाण्यात तरंगणारं घड्याळ, दुकानातला पुतळा, मेलेले मासे. पारा म्हटलं की मिनामाता, कॅडमियम म्हटलं की तोयामा, तिथल्या माणसाला फोड करून सांगायची गरजच नव्हती. अमेरिकन आवृत्तीत हे गाणं काढून त्याजागी ‘सेव्ह द अर्थ’ टाकलं, ते काही वाईट नाही, पण तिथे पारा-कोबाल्टचा नुसता उल्लेख उरतो, विषांची ती लांब यादी नाही आणि यादी गेली की दातच गेले. तुम्ही डब बघितला म्हणालात ना, मला वाटतं अर्धा प्रॉब्लेम तिथेच झालाय.

अमेरिकेत १९७२ मधे तो ‘गोडझिला वर्सेस द स्मॉग मॉन्स्टर’ म्हणून लागला आणि १९७८ मधे हॅरी मेडवेड यांच्या सगळ्यात वाईट ५० सिनेमांच्या पुस्तकात त्याचा नंबर लागला. तो शिक्का वर्षानुवर्षं पुसला गेला नाही. जपानमधेही तानाका हॉस्पिटलमधून परत आल्यावर खूश नव्हते, तू गोडझिलाची वाट लावलीस अशा अर्थाचं ते बोलले असं बान्नोंनी नंतर मुलाखतींमधे सांगितलंय. पुन्हा कधी बान्नोंच्या हातात गोडझिलाचा सिनेमा दिला गेला नाही.

टीका करणाऱ्यांचा मुख्य मुद्दा असायचा की याला सूरच नाही. लहान मुलांचा म्हणावा तर माणसं डोळ्यादेखत सापळा होऊन पडतात, मोठ्यांचा म्हणावा तर मधे मधे कार्टून येतं. आणि नेमकं हेच आता लोकांना जबरदस्त वाटतंय, मलाही. एक जागा सांगतो. काही माणसं रात्री माजोंग हा सोंगट्यांचा खेळ खेळत बसलेली असतात, हेडोराच्या अंगातून उडालेला चिखल खिडकी फोडून आत येतो आणि खलास. जवळच एक मांजराचं पिल्लू गाळाने माखलेलं, केविलवाणं ओरडतंय, ते वाचलेलं असतं. बाकी सिनेमांत इमारती पडतात, माणसं रस्त्यावरून पळतात, पण कोणी मेलेलं सहसा आपल्याला दिसत नाही, इथे टीव्हीवर बळींचे आकडे येतात, पडदाभर छोटे छोटे टीव्ही, कुठे तज्ज्ञ भांडतायत, कुठे बाळ चिखलात रडतंय. आणि मधेच कार्टून, आणि एकीकडे हेडोरा कारखान्याचा धूर चिलीम ओढल्यासारखा ओढतो. छोटा केन, म्हणजे डॉक्टर यानोंचा मुलगा, त्याच्या डोक्यात हे सगळं कसं दिसत असेल तसा सिनेमा रचलाय असं मी समजतो. सात-आठ वर्षांच्या पोराला खेळण्यातला गोडझिला आणि वडिलांचा हेडोरामुळे भाजलेला चेहरा एकाच दिवशी बघायला लागतो, त्याचा सूर एकसारखा कसा राहील? (केनचं काम करणारा हिरोयुकी कावासे आदल्याच वर्षी कुरोसावांच्या ‘दोदेसुकादेन’ मधे होता, आणि इथेही अजिबात गोड गोड करत नाही.)

मला स्वतःला सगळ्यात जास्त भिडतो तो तरुण पोरांचा भाग, ज्याच्याबद्दल फॅन मंडळीसुद्धा कमी बोलतात. युकिओ नावाचा तरुण ठरवतो की जग बुडतंयच तर फूजी पर्वताच्या पायथ्याशी दहा लाख लोकांचा गो-गो डान्स करू, गिटार, शेकोटी, गाणी. येतात जेमतेम शंभर. १९६० च्या दशकात जपानमधे विद्यार्थ्यांची केवढी मोठी आंदोलनं झाली आणि १९७१ पर्यंत ती कशी विरली हे आठवून हा सीन बघा. आधी ती गातात, मग अवसान गळतं, गवतातून म्हातारी माणसं गप्प उभी राहून त्यांच्याकडे बघत असतात, कोणी एक शब्द बोलत नाही. मग हेडोरा येतो आणि ही पोरं पेटती लाकडं घेऊन त्याच्यावर धावतात, त्यातली कितीतरी मरतात, आणि सिनेमा त्यांना शहीद वगैरे करत नाही, सरळ पुढे जातो. मोठ्या माणसांनी घाण केली, पोरांनी नाचून बघितलं, लष्कराने हेडोराला विजेने वाळवायला मोठाले इलेक्ट्रोड उभे केले तर ऐन वेळी वीजच गेली, सगळे हरले. गोडझिला त्या इलेक्ट्रोडवर स्वतःच्या तोंडातली आग सोडून हेडोराला वाळवतो, तोवर त्याचा एक डोळा गेलेला असतो आणि एका हाताचं हाड उघडं पडलेलं. या सिरीजमधे गोडझिलाची इतकी हालत क्वचितच झालीय. आणि जाताना तो माणसांकडे वळून जो काही बघतो ना, ती नजर मैत्रीची नाही. केन त्याला सायोनारा म्हणतो, पण ती नजर बाकी सगळ्यांसाठी आहे.

हेडोराच्या सूटबद्दल बोलायलाच पाहिजे. आत होते केनपाचिरो सात्सुमा, मॉन्स्टर म्हणून त्यांचं पहिलंच काम, आणि पुढे १९८४ ते १९९५ गोडझिलाच्या सूटमधे तेच होते. तो ओला, लोंबणारा, आकार बदलत जाणारा गोळा, उभे लाल डोळे, चालताना मागे राहणारा चिखल, स्पेशल इफेक्टवाले तेरुयोशी नाकानो आणि टीमने एवढ्याशा पैशात काय उभं केलंय! आज कॉम्प्युटरवर केलेले किती राक्षस येतात पण बघून अंगाला घाण लागल्यासारखं वाटेल असा मला दुसरा आठवत नाही.

आता अतिशयोक्ती कुठे होतेय तेही सांगतो. शेवटची मारामारी लांबते, खरंच लांबते. दोघं एकमेकांकडे बघत उभे, वीज येतेय का, नाही येत, परत उभे. रिइचिरो मानाबेंचं संगीत गोडझिलाच्या एंट्रीला ज्या तऱ्हेने वाजतं ते अनेकांना विनोदी वाटतं, मला वेगळं म्हणून चालतं पण पहिल्या गोडझिलाचे संगीतकार इफुकुबे, त्यांच्या संगीताची सर नाही. आणि उडणं. एवढं सगळं भयंकर चाललेलं असताना पोरांना जरा हलकं वाटावं म्हणून ते घातलं हे बान्नोंचं म्हणणं मला समजतं, तरी तो सीन सिनेमाला मदत करत नाही असंच माझं मत आहे. हल्ली काही लोक त्यालाही महान म्हणायला लागलेत, तिथे मी त्यांच्याबरोबर नाही.

मत बदलायला वेळ का लागला, तर जपानच्या बाहेर लोकांना मूळ जपानी आवाजातली चांगली प्रिंट सहज मिळायची नाही. २०१९ मधे जुने सिनेमे डिस्कवर काढणाऱ्या क्रायटेरियन कंपनीने शोवा काळातल्या, म्हणजे १९५४ ते १९७५ मधल्या, १५ गोडझिला सिनेमांचा सेट काढला तेव्हा खूप जणांनी पहिल्यांदा नीट बघितला. त्याआधी २०१६ मधे ‘शिन गोडझिला’ आला होता, २०११ च्या त्सुनामी आणि फुकुशिमाच्या जखमेवर बोट ठेवणारा, त्यामुळे गोडझिला चालू घडामोडींवर बोलतो तेव्हा तो कसा असतो हे नव्या प्रेक्षकांना कळलं आणि मागे वळून बघताना १९५४ आणि २०१६ च्या मधे हा १९७१ चा उभा दिसला. बान्नो मात्र हार मानून बसले नव्हते. त्यांनी हेडोराच्या वळणाचा नवा आयमॅक्स सिनेमा काढायचा म्हणून वर्षानुवर्षं खटपट केली, तो झाला नाही, पण त्याच खटपटीतून पुढे २०१४ चा हॉलिवुडचा गोडझिला उभा राहिला आणि त्यावर एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर म्हणून त्यांचं नाव आहे. २०१७ मधे ते गेले. २०२१ मधे हेडोराला ५० वर्षं झाली तेव्हा तोहोने गोडझिला फेस्ट या आपल्या कार्यक्रमासाठी शॉर्ट फिल्म केली. ज्या सिनेमावर निर्माता चिडला होता त्याचा वाढदिवस कंपनीनेच साजरा केला. बान्नोंना हे बघायला मिळायला हवं होतं असं मला फार मनापासून वाटतं.

तर तुम्ही परत बघा, ८५ मिनिटांचाच आहे. जपानी ऑडिओ आणि सबटायटल्स लावा, टायटलचं गाणं स्किप करू नका, कार्टून आलं की वैतागू नका. पोरांची फूजीवाली पार्टी होईपर्यंत तरी थांबा, त्यानंतरची मारामारी कंटाळवाणी वाटली तर खुशाल पुढे ढकला, पण इलेक्ट्रोड पेटतात तिथपासून शेवटपर्यंत नीट बघा. घरात लहान मूल असेल तर आधी एकट्याने बघून घ्या, माजोंगचा आणि सापळ्यांचा भाग पाच-सहा वर्षांच्या पोराला जड जाईल.