शाळेतल्या लायब्ररीयनचं काम नुसता कोर्स करून येतं का, की प्रत्यक्ष लायब्ररीत शिकावं लागतं?

नुसत्या कोर्सने येत नाही, शाळेच्या लायब्ररीत निदान एक टर्म तरी प्रत्यक्ष काम कराच, ट्रेनींना बरीच वर्षं शिकवतेय म्हणून सांगते. ड्युईचे नंबर, म्हणजे पुस्तकं विषयाप्रमाणे लावायचे ठरलेले आकडे, पाठ होतात हो, पण एखादं मूल येऊन कुत्रा आणि लांडगा दोन्हींवरची पुस्तकं मागतं तेव्हा कळतं की कुत्रा ६३६.७ ला, लांडगा ५९९ मध्ये, म्हणजे दोन वेगळी कपाटं, आणि लोककथा तर ८०० च्या साहित्यात नाहीतच, त्या ३९८.२ ला. आणि मूल जे मागतं ते त्याला हवंच असतं असं नाही, दोन प्रश्न विचारून खरं काय पाहिजे ते काढून घ्यावं लागतं, हे पुस्तकात वाचून जमत नाही. जिथे जाल तिथे ही कामं मागून घ्या:
- वाचनाचा तास स्वतः घेणं
- जुनी, फाटकी, चुकीची माहिती असलेली पुस्तकं बाद करणं (सगळ्यात अवघड हेच)
- शिक्षकांसोबत बसून प्रोजेक्टसाठी पुस्तकं निवडणं

नाहीतर दिवसभर बारकोडच चिकटवायला लावतात. फक्त एक, कायमच्या नोकरीला बहुतेक ठिकाणी डिग्री किंवा सर्टिफिकेट लागतंच, त्यामुळे कोर्स सोडू नका.