कुंडलिकेवर कयाक घालण्याआधी

कोलाडला कुंडलिका नदीत कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, चालवायला जायचं म्हणतोस, जा की. पण सोलापूरहून रात्रभर गाडी हाणायची, पुणे, ताम्हिणी करत सकाळी थेट पाण्यात उतरायचं, हे नको. आदल्या दिवशी पोच, झोप काढ. कुंडलिकेला जोर येतो तो भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सोडलेल्या पाण्याने, बहुतेक सकाळी. ते ओसरलं की खडक उघडे पडतात. म्हणून आधी पाणी सुटायची वेळ फोनवर पक्की कर, मग गाडीचं बघ.

त्याआधी पोहण्याच्या तलावात, जाणकार शेजारी उभा करून, कयाक मुद्दाम उलटी कर आणि स्प्रे स्कर्टची, म्हणजे कमरेभोवती बसून होडीचं तोंड झाकणाऱ्या कापडाची, पट्टी ओढून बाहेर ये. दहादा तरी. डोकं खाली असताना हात आपोआप पट्टीकडे गेला पाहिजे. पहिल्यांदा मी नुसताच वल्हं धरून बसलो होतो!

वाहून गेलास तर उताणा हो, पाय प्रवाहाच्या दिशेला. गुडघाभर वाहत्या पाण्यातही उभं राहू नकोस. पाय दगडात अडकला की प्रवाह तोंडावर पाडतो. जंगलातल्या नदीत खडकापेक्षा मी आडव्या पडलेल्या झाडाला जास्त भितो. पाणी फांद्यांतून निघून जातं, माणूस अडकतो. दिसलं की लांबूनच काठ गाठ.

कडक भाकरी, शेंगाचटणी घे. पिशवी मात्र पाणी न शिरणारी.