आजोबा किती वर्षं जगला, ते आधी विचारा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं कुत्र्यांची जोड लावण्याविषयी आहेत, म्हणून हे पान त्यांनाच दिलं आहे.

प्रश्न : आमची लॅब्रॅडॉर कुत्री १४ महिन्यांची आहे आणि दुसऱ्यांदा माजावर आली आहे. ओळखीच्यांकडे देखणा नर आहे. दोघांचेही केनेल क्लबचे कागद आहेत. या माजाला लावावी का? (नाशिक)

उत्तर : या माजाला नको, आणि तपासण्या झाल्याशिवाय पुढच्या माजालाही नको. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांत मादीचं किमान वय १८ महिने आहे. आमच्या मते लॅब्रॅडॉरसाठी दोन वर्षं पूर्ण होऊ द्यावीत. कागदांवरून आई-बाप कळतात, खुबे कसे आहेत ते कळत नाही.

दोघांचेही खुबे आणि कोपर यांचे एक्स-रे काढा. खुब्याच्या एक्स-रेसाठी कुत्र्याला गुंगी देऊन उताणं झोपवतात. मागचे पाय सरळ ताणून मांड्या समांतर धरतात आणि गुडघ्याच्या वाट्या बरोबर वर येतील असे पाय आत वळवतात. कंबर जराशी जरी तिरकी राहिली तरी एका बाजूचा खुबा उथळ दिसतो आणि निदान चुकतं. म्हणून फिल्म हातात आल्यावर दोन्ही बाजू सारख्या दिसतात का, ते डॉक्टरांना विचाराच. माज चालू असताना हा एक्स-रे काढू नये. तेव्हा सांध्यांचे बंध सैल असतात, त्यामुळे माज संपल्यावर तीन-चार आठवडे थांबा. अमेरिकेतली ओएफए ही संस्था अंतिम श्रेणी २४ महिन्यांनंतरच देते. ब्रिटिश पद्धतीत प्रत्येक खुब्याला ० ते ५३ गुण असतात, दोन्ही मिळून १०६, आणि जितके कमी तितके चांगले.

खुब्याचा दोष एका जनुकाचा नाही, अनेक जनुकांचा आहे. म्हणून दोन निरोगी कुत्र्यांनाही लंगडणारं पिल्लू होऊ शकतं. नराची भावंडं लंगडतात का, हे त्याच्या स्वतःच्या एक्स-रेइतकंच महत्त्वाचं आहे आणि नेमकं तेच कुणी विचारत नाही.

प्रश्न : डीएनए तपासणीत आमची लॅब्रॅडॉर मादी डोळ्यांच्या पीआरए रोगाची ‘कॅरियर’ (स्वतः निरोगी, पण सदोष जनुकाची एक प्रत बाळगणारी) निघाली. आता तिला कधीच लावायची नाही का? (ठाणे)

उत्तर : लावता येईल, मात्र नर त्याच चाचणीत पूर्ण ‘क्लिअर’ (सदोष प्रत अजिबात नसलेला) हवा. लॅब्रॅडॉरमध्ये तपासला जाणारा पीआरए-पीआरसीडी हा प्रकार अप्रभावी जनुकाचा आहे. आईकडून एक आणि बापाकडून एक, अशा दोन सदोष प्रती आल्या तरच रोग होतो. आधी अंधारात दिसेनासं होतं, पुढे पूर्ण अंधत्व येतं. कॅरियर आणि क्लिअर अशी जोड लावली तर प्रत्येक पिल्लू कॅरियर असण्याची शक्यता ५० टक्के आणि रोगाची शक्यता शून्य. कॅरियरला कॅरियर लावला तर प्रत्येक पिल्लाला २५ टक्के धोका. हा हिशेब दर पिल्लाचा आहे, वेताचा नाही. आठ पिल्लांत दोनच आजारी निघतील असं नाही, चारही निघू शकतात.

सगळे कॅरियर एकदम बाद करू नका. एका जनुकापायी चांगले खुबे, शांत स्वभाव आणि दीर्घायुष्य असलेलं सगळं रक्त बाहेर फेकलं जातं. पिल्लांची तपासणी करा आणि पुढच्या पिढीसाठी क्लिअर पिल्लू ठेवा. त्याच नमुन्यावर ईआयसीचीही चाचणी करून घ्या. या दोषात जोरात पळाल्यावर ५ ते २० मिनिटांत मागचे पाय लुळे पडतात.

प्रश्न : तीन वर्षांचा डॉबरमन, अनेक प्रदर्शनांत विजेता, त्याची पिल्लं सगळीकडे आहेत. त्याचंच पिल्लू घ्यावं म्हणतो. काय बघावं? (पुणे)

उत्तर : त्याचा बाप आणि दोन्ही आजोबा किती वर्षं जगले आणि कशाने गेले, हे बघा. उत्तर ‘अचानक गेला’ असं आलं तर तिथेच थांबा.

डॉबरमनला ग्रासणारा मोठा रोग म्हणजे हृदयाचा स्नायू पातळ आणि फुगीर होणं, म्हणजे डीसीएम. तो बहुधा मध्यम वयात उघडा पडतो आणि कित्येकदा पहिलं लक्षण मृत्यू हेच असतं. तीन वर्षांच्या कुत्र्याचं हृदय आज निर्दोष दिसलं, यावरून सहाव्या वर्षाचं काही सांगता येत नाही. तपासणी म्हणजे २४ तासांचं होल्टर (अंगाला बांधून ठोके नोंदणारं यंत्र) आणि सोबत इको (हृदयाची सोनोग्राफी), दोन्ही वयाच्या तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी. दवाखान्यातला काही मिनिटांचा ईसीजी पुरत नाही, कारण चुकीचे ठोके दिवसभरात विखुरलेले असतात. २४ तासांत असे ३०० हून अधिक ठोके आले तर रोग धरतात. वर्षभरात दोन नोंदींत ५० ते ३०० आले तरी धरतात. डीएनए चाचणीवर इथे भिस्त ठेवता येत नाही. अमेरिकेतल्या डॉबरमनांत सापडलेला जनुकीय दोष युरोपातल्या कुत्र्यांत तसा लागू पडला नाही.

दुसरी गोष्ट आम्हाला अधिक बोचते. समजा, अशा विजेत्याला पाच वर्षांचा होईतो ३० माद्या लावल्या आणि दर वेताला आठ पिल्लं झाली. म्हणजे २४० पिल्लं. त्याचं हृदय सहाव्या वर्षी बिघडलं, तोवर त्याची नातवंडंही विकली गेलेली असतात. म्हणून नर सहा-सात वर्षांचा, दर वर्षीचं होल्टर स्वच्छ असलेला निवडावा. तरुण नर फारच आवडला तर त्याचं वीर्य गोठवून ठेवावं आणि वाट बघावी.

प्रश्न : कारवानी (आपल्याकडची देशी शिकारी जात) कुत्रे पाळतो. माझ्या नर-मादीचा बाप एकच आहे, आया वेगळ्या. जोड लावली तर रक्त पक्कं होईल, असं जुने लोक म्हणतात. (लातूर)

उत्तर : ठेवण पक्की होईल हे खरं, पण दोषही तितकेच पक्के होतील. अशा सावत्र भावंडांच्या पिल्लांचा अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता, १२.५ टक्के येतो. सख्ख्या भावंडांचा किंवा बाप-लेकीचा २५, सख्ख्या चुलत भावंडांचा ६.२५. मागे आणखी नाती असतील तर आकडा वाढतो, म्हणून तीन पिढ्यांच्या कागदावर केलेला हिशेब नेहमी कमीच दिसतो. परिणाम आधी वेतात दिसतात. पिल्लं कमी होतात, पहिल्या आठवड्यात मरतात, मादी रिकामी राहते.

तुमच्याकडे एक सोय आहे, जी परदेशी जातीवाल्यांकडे नाही. धाराशिव-लातूरच्या गावांत विनाकागदाचे, शिकारी बांध्याचे, म्हातारपणीही पळणारे कारवानी अजून सापडतात. तिथून नर आणा, त्याला मायक्रोचिप लावा, ब्रुसेलाची (जोड लावताना पसरणारा, गाभ पाडणारा जंतू) रक्तचाचणी करा आणि वहीत नोंदी ठेवा : जन्म, वेताची संख्या, मृत्यूचं वय, कारण.

बाहेरचं रक्त घेतल्याने जात बुडत नाही. डाल्मेशियनमध्ये युरिक आम्लाचा (लघवीत खडे करणारा) दोष सगळ्याच कुत्र्यांत दोन्ही प्रतींत बसला होता, त्यामुळे जातीच्या आत कितीही निवड केली तरी तो जाणं शक्य नव्हतं. १९७३ मध्ये रॉबर्ट शायबल यांनी अमेरिकेत एकदाच पॉइंटर वापरला आणि पुढच्या सगळ्या पिढ्या डाल्मेशियनलाच लावल्या. ती संतती ठिपक्यांसकट डाल्मेशियनच आहे, आणि २०११ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने तिची नोंदणी मान्य केली.

प्रश्न : चांगल्या रक्ताचा लॅब्रॅडॉर आणला, आता आयुष्य वाढवण्यासाठी कोणतं टॉनिक द्यावं? (सोलापूर)

उत्तर : टॉनिक नको, ताटली लहान करा. ४८ लॅब्रॅडॉरवर आयुष्यभर चाललेल्या अमेरिकी अभ्यासात एकाच वेताच्या भावंडांच्या जोड्या लावल्या होत्या. एकाला जितकं अन्न, त्याहून २५ टक्के कमी दुसऱ्याला. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १३ वर्षं भरलं, जास्त खाणाऱ्यांचं ११.२. सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. हात न दाबता फिरवल्यावर बरगड्या मोजता आल्या पाहिजेत आणि वरून बघताना कंबर दिसली पाहिजे. दर १५ दिवसांनी वजन करून कॅलेंडरवर लिहा.