एप्रिलमध्ये गॅल्व्हेस्टनला गेलो तर पक्षी दिसलेच नाहीत, नेमकं कधी आणि कुठे जायचं?

तुमच्या प्रश्नातच उत्तर लपलंय बघा. तुम्ही लिहिलंय की ह्यूस्टनहून एप्रिलमधल्या एका शनिवारी टेक्सासच्या किनाऱ्याला लागून असलेल्या गॅल्व्हेस्टन बेटावर गेलात, स्वच्छ ऊन होतं, समुद्रावरून छान वारा येत होता, एकदम परफेक्ट दिवस, आणि सकाळी सात ते अकरा फिरून सीगल आणि पेलिकन सोडून काही दिसलं नाही. आता पुढच्या वर्षी आईबाबा ठाण्याहून येणार आहेत आणि बाबांना पक्ष्यांचं वेड आहे म्हणून नीट प्लॅन करायचाय. तर तुमचा दिवस परफेक्ट होता म्हणूनच पक्षी दिसले नाहीत, आणि ज्या वेळेला तुम्ही गाडीत बसून परत निघालात साधारण त्याच वेळेला ते यायला लागतात, तेही तुमच्या डोक्यावरून, इतक्या उंचीवरून की दुर्बिणीतूनसुद्धा ठिपके.

मीही पहिली दोन वर्षं हेच केलं. भारतात असताना सवय काय, पहाटे उठायचं, सहाला स्पॉटवर, नऊला मिसळ खाऊन घरी. इथे ते गणित चालत नाही, कारण हे पक्षी रात्रभर तिथे झोपलेले नसतातच, ते रात्रभर समुद्रावर असतात.

थोडं खोलात सांगतो कारण हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं आपोआप कळतं. मेक्सिकोचा युकातान म्हणून जो अंगठ्यासारखा भाग मेक्सिकोच्या आखातात घुसलाय तिथून हिवाळा संपवून उत्तरेकडे परतणारे हे छोटे छोटे पक्षी सूर्य मावळल्यावर निघतात आणि सरळ समुद्र ओलांडतात, साधारण हजार किलोमीटर, मध्ये टेकायला काही नाही. वारा कसा आहे त्यावर पंधरा ते वीस तास लागतात. यात रुबी थ्रोटेड हमिंगबर्डही असतो, ज्याचं वजन तीन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आपला शिंजीरसुद्धा त्याच्यापुढे पैलवान, आणि निघायच्या आधी तो खाऊन खाऊन अंगावर इतकी चरबी चढवतो की वजन जवळजवळ दुप्पट होतं. सगळी टाकी भरून निघायचं आणि पलीकडे पोचेपर्यंत ती संपवायची. संध्याकाळी निघालेले म्हणजे किनाऱ्यावर पोचणार दुसऱ्या दिवशी दुपारच्या आगेमागे.

आता दक्षिणेकडून वारा असेल तर तो त्यांना पाठीमागून ढकलतो, ते आरामात पोचतात, टाकीत थोडं शिल्लक असतं. मग ते वाळू आणि बंगले असलेल्या बेटावर कशाला उतरतील? ते तसेच पुढे आत जातात, जिथे खरं जंगल आहे, नद्या आहेत. त्यामुळे चांगल्या हवेत किनारा रिकामा आणि आतली जंगलं भरलेली. या प्रकाराला इथले लोक कोस्टल हायेटस म्हणतात आणि त्यावरून १९४० च्या दशकात मोठं भांडण झालं होतं. तुमच्याच ह्यूस्टनच्या राईस विद्यापीठात जॉर्ज विल्यम्स म्हणून इंग्रजीचे प्राध्यापक होते, पक्षी हा त्यांचा छंद, त्यांनी १९४५ मध्ये लेख लिहिला की हे समुद्र ओलांडणं वगैरे काही सिद्ध झालेलं नाही, बरेचसे पक्षी किनाऱ्याकिनाऱ्याने वळसा घालून येत असणार. लुईझियानाचे पक्षीशास्त्रज्ञ जॉर्ज लोवरी म्हणाले नाही, ते थेट समुद्रावरूनच येतात, किनाऱ्यावर दिसत नाहीत याचा अर्थ येत नाहीत असा होत नाही. हे लोवरी नंतर युकातानला गेले आणि तिथे रात्री टेलिस्कोप चंद्रावर लावून चंद्रासमोरून जाणारे पक्षी मोजत बसले. मला हा माणूस फार आवडतो. पुढे १९६० च्या दशकात हवामान खात्याच्या रडारवर पक्ष्यांचे थवे समुद्रावरून किनाऱ्याकडे येताना चक्क दिसले आणि विषय संपला. म्हणजे तुम्ही विचारलेला प्रश्न ऐंशी वर्षं जुना आहे, वाईट वाटून घेऊ नका.

मग ते खाली कधी उतरतात? जेव्हा हवा बिघडते तेव्हा. उत्तरेकडून थंड हवेचा पट्टा येतो, टेक्सासची माणसं त्याला नॉर्दर म्हणतात, वारा एकदम फिरतो, पाऊस येतो, आणि तो जर सकाळी किंवा दुपारी किनाऱ्यावर पोचला तर समुद्रावर असलेले पक्षी त्याच्या तोंडात सापडतात. मागे फिरता येत नाही, पुढून वारा, टाकी रिकामी. मग जी पहिली जमीन दिसेल तिथे पडतात. पडतात हाच शब्द, इथे त्याला फॉलआउट म्हणतात.

मी एकदाच खरा मोठा फॉलआउट बघितलाय, काही वर्षांपूर्वी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात. गुरुवार होता, ऑफिसला दांडी मारली होती (बॉसला दाताचं कारण सांगितलं, देव माफ करो). गॅल्व्हेस्टनच्या लफीट्स कोव्हला पोचलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता, साडेबारा झाले असतील, काही नव्हतं, दोन म्हातारे अमेरिकन बाकावर सँडविच खात बसले होते, एकजण म्हणाला थांब जरा. एकच्या सुमाराला एक हूडेड वटवट्या (वॉर्बलर) झाडावर नाही तर माझ्या बुटापासून हातभर अंतरावर पायवाटेवर किडे शोधत होता, मग दुसरा, मग बघतो तर सगळं गवत हलतंय. इंडिगो बंटिंग म्हणजे शाईच्या निळ्या रंगाचे, पन्नास असतील की शंभर मोजायचं सुचलं नाही. स्कार्लेट टॅनेजर, आपल्या निखार पक्ष्यासारखा लालभडक आणि पंख काळे कुळकुळीत, कुंपणावर ओळीने. रोज ब्रेस्टेड ग्रोसबीक, छातीवर कुणीतरी कुंकू सांडल्यासारखा. तुतीचं एक झाड होतं, एप्रिलमध्ये इथे तुती पिकते, त्या एका झाडावर ओरिओल, टॅनेजर, कॅटबर्ड सगळे एकमेकांना न हाकलता खात होते, भांडायचीही ताकद नव्हती. कॅमेरा वर करायची गरज नव्हती, लेन्सच्या फोकसच्या आत येत होते. संध्याकाळी बीचवर गेलो तर भरतीच्या रेषेवर शेवाळात अडकलेले मेलेलेही दिसले, दहाबारा तरी. जे शंभर पावलं आधी थकले ते. तेव्हापासून फॉलआउटसाठी देव पाण्यात ठेवायला मला जरा जड जातं, पण हवामानाचा अंदाज मात्र रोज बघतो, खोटं कशाला बोलू.

तुमच्या बाबांना कळेल असं सांगायचं तर आपल्याकडे मेअखेर, जूनच्या सुरुवातीला पावसाच्या तोंडावर तो नवरंग येतो ना, आणि मुंबईत कुणाच्या तरी बाल्कनीत किंवा जिन्यात थकून बसलेला सापडतो, मग व्हॉट्सअपवर फोटो फिरतो की हा कुठला पोपट, तसंच हे, फक्त एका दुपारी हजारोंच्या संख्येने. आणि वटवटे म्हटल्यावर बाबा नाक मुरडतील, कारण आपल्याकडचे वटवटे म्हणजे सगळे मळकट हिरवे, ओळखता ओळखता जीव जातो. इथले त्यांच्या कुळातले नाहीत, नाव तेवढं सारखं. पिवळे, नारिंगी, निळे, काळेपांढरे पट्टे, दागिने घालून आल्यासारखे.

आता प्रॅक्टिकल. मार्चमध्ये सुरुवात होते, हमिंगबर्ड, पारुला (हाही एक छोटा वटवट्या) वगैरे, आणि गवताळ भागात अमेरिकन गोल्डन प्लोव्हर, जो अर्जेंटिनाहून आर्क्टिककडे चाललेला असतो. रंगीत मंडळींचा खरा हंगाम एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. बर्डकास्ट म्हणून साईट आहे, त्यावर रडारवरून आज रात्री तुमच्या काउंटीवरून किती पक्षी जातायत त्याचा आकडा येतो, ती बघायची सवय लावा, पण नुसता आकडा बघून जाऊ नका, आकडा मोठा म्हणजे ते वरून चाललेत. हवामानात उत्तरेचा वारा आणि पाऊस दिसला की निघायचं. दुपारी बाराला पोचायचं, चार-पाचपर्यंत थांबायचं. दुसऱ्या दिवशीची सकाळही चांगली असते, कारण थकलेले लगेच निघत नाहीत.

जागा. बेट लांबुळकं आहे, चाळीसएक किलोमीटर लांब आणि रुंदी फार तर पाच, त्यामुळे झाडं जिथे आहेत तिथेच गर्दी होणार. २००८ च्या आईक वादळात खारं पाणी मुळात जाऊन बेटावरचे कितीतरी जुने ओक मेले, गावात त्यांच्या खोडांवर कोरलेली शिल्पं दिसतील ती त्याचीच. लफीट्स कोव्ह पश्चिमेला एका कॉलनीच्या मधोमध आहे, बाहेरून बघून वाटत नाही इथे काही असेल, आत ओकची छोटी राई आणि पाण्याचे ठिबक लावलेत, त्या ठिबकासमोर बसायचं, फिरायचं नाही. हे आईबाबांसाठीही बरं, गुडघ्यांना त्रास नाही. डास मात्र बेक्कार, ओडोमॉस पुरणार नाही, इथला जालीम स्प्रे घ्या.

वारा दक्षिणेचा निघाला तरी दिवस वाया घालवू नका, झाडं सोडा आणि पाण्याकडे जा. बेटाच्या पूर्व टोकाहून बॉलिव्हरला फेरी जाते, गाडीसकट फुकट, वीस मिनिटांची, मागे सीगलचा थवा आणि बऱ्याचदा डॉल्फिन. पलीकडे बॉलिव्हर फ्लॅट्स, तिथे बीचवर गाडी लावायचा परमिट आधी काढून ठेवा. तिथे उचाट्यांचे (ॲव्होसेट) थवेच्या थवे, बाबांनी ठाणे खाडीत काळापांढरा बघितला असेल, इथल्याची मान वसंतात गंजलेल्या नारिंगी रंगाची होते. त्यापुढे पाऊण तासावर हाय आयलंड. नावात आयलंड असलं तरी बेट नाही, जमिनीखालचं मीठ वर ढकललं जाऊन झालेला दहाएक मीटरचा उंचवटा, आजूबाजूला सपाट दलदल, त्यामुळे झाडं तिथेच आणि पक्षीही तिथेच. स्मिथ ओक्समध्ये झाडांच्या उंचीवरून जाणारा पूल आहे, आणि तळ्याच्या बेटावर गुलाबी चमच्या पक्ष्यांची (स्पूनबिल) वसाहत, तिकीट आहे पण पैसे वसूल. या चमच्यावरून एक गंमत, माझ्या सासूबाईंनी बघितल्या बघितल्या फ्लेमिंगो म्हणून शिवडीच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि दिवसभर ऐकून घेतलं. चोच बघायची, पळीसारखी चपटी असते.

आणि हो, तुम्ही "फक्त पेलिकन" असं लिहिलंय ते मला जरा टोचलं. तो ब्राऊन पेलिकन डीडीटी या कीटकनाशकामुळे टेक्सासमधून जवळजवळ गेलाच होता, अंडी कवच पातळ होऊन फुटायची. १९७२ मध्ये डीडीटी बंद झालं आणि धोक्यातल्या यादीतून तो २००९ मध्ये बाहेर आला. याच्या उलट एस्किमो कर्ल्यू हा लांब चोचीचा पक्षी, त्याचे जिवंतपणीचे फोटो १९६२ च्या वसंतात याच गॅल्व्हेस्टन बेटावर काढलेत, पुढच्या वर्षी बार्बाडोसला एक मारला गेला आणि त्यानंतर खात्रीची नोंद नाही. मी अजूनही गवतात लांब चोचीचं काही दिसलं की दोनदा बघतो. वेडेपणा आहे, पण बघतो.

बेटावर घर भाड्याने घेऊन राहणार असाल तर रात्री अकरानंतर बाहेरचे दिवे आणि मोठ्या खिडक्यांमागचे दिवे बंद ठेवा. मे २०१७ च्या पहिल्या आठवड्यात वादळाच्या रात्री गावातल्या एका २३ मजली इमारतीच्या उजेडाला भुलून पक्षी आदळले, ३९५ मेलेले सापडले, जिवंत फक्त तीन. त्यानंतर त्या इमारतीने हंगामात दिवे बंद ठेवायला सुरुवात केली. आणि मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज लावून बोलवायचं नाही, बाबांना सवय असेल तर आधीच सांगून ठेवा, हजार किलोमीटर उडून आलेल्याला खोट्या शत्रूच्या मागे धावायला लावायचं म्हणजे काय. मर्लिन ॲपमधलं आवाजावरून पक्षी ओळखणं चालेल, त्यात ते फक्त ऐकतं.

तिकिटांचं म्हणाल तर एप्रिलच्या दहा तारखेच्या आत आईबाबांना आणा आणि निदान मेच्या दहापर्यंत ठेवून घ्या. शनिवार-रविवारचं हॉटेल आत्ताच बुक करू नका. त्या महिन्यात दोन-तीन सुट्ट्या शिल्लक ठेवा, नॉर्दर कुठल्या वारी येईल ते कोणी सांगितलंय, आणि दाताचं कारण मी वापरून झालोय, तुम्ही दुसरं शोधा.