हाकेला ओ नसलेल्या पाण्यात

प्रिय,

तुझं पत्र परवा मिळालं. पाच दिवस लिव्हअबोर्ड बोटीवर (जिच्यावरच राहायचं, झोपायचं अशी) मुक्काम, निर्जन बेटांचा समूह, रोज चार स्कूबा डाइव्ह. आणि लॉगबुकात, म्हणजे डाइव्हच्या नोंदवहीत, आजवर जमल्यात 17. एवढं सगळं सांगून शेवटी विचारलंस काय, तर पाण्याखालचा कॅमेरा कोणता घेऊ! कोणताच नको. निदान 50 डाइव्ह होईपर्यंत हात रिकामे ठेव. हातात कॅमेरा असला की डोळा गेजवर (टँकमधली हवा दाखवणाऱ्या काट्यावर) जात नाही, बडीवर (जोडीदार डायव्हरवर) जात नाही, आणि पायातली फिन (वल्ह्यासारखी पाती) कुठल्या प्रवाळावर आपटतेय याचा तर पत्ताच नसतो. ही खोड मोडायला मला स्वतःला फार वर्षं लागली, म्हणून इतक्या ठामपणे सांगतेय.

कॅमेऱ्याऐवजी तीन गोष्टी घे. स्वतःचा डाइव्ह कॉम्प्युटर (त्या खोलीवर अजून किती वेळ थांबता येईल ते सांगणारं यंत्र), स्वतःची एसएमबी (आपण कुठे आहोत ते बोटीला कळावं म्हणून वर सोडायचा लांबट फुगा; आम्ही तिला सॉसेजच म्हणतो) रिळासकट, आणि डायव्हिंगच्या अपघातांसाठीचा विमा. साधा प्रवासविमा बहुतेक वेळा अशा वेळी हात वर करतो, तेव्हा त्यातली बारीक अक्षरं वाचूनच सही कर.

'निर्जन' हा शब्द जाहिरातीत फार देखणा दिसतो. पांढरी वाळू, एकही पाऊल उमटलेलं नाही, वगैरे. आपण त्याचा अर्थ वेगळा लावायचा. तिथे दवाखाना नाही, मोबाइलला रेंज नाही, आणि आपली बोट दिसेनाशी झाली तर शोधायला येणारी दुसरी बोट बहुधा नाही. थायलंडची सिमिलान बेटं त्यातल्या त्यात जवळची, किनाऱ्यापासून 60-70 किलोमीटर. फिलिपिन्सचं तुब्बाताहा सुलू समुद्राच्या मधोमध, पुएर्तो प्रिन्सेसापासून सुमारे 150 किलोमीटर, म्हणजे बोटीची अख्खी रात्र. कोस्टारिकाचं कोकोस बेट तर मुख्य भूमीपासून 550 किलोमीटरवर. निघाल्यापासून दीड दिवसाने दिसतं. राखणीला नेमलेले रक्षक सोडले तर या ठिकाणी वस्ती नाही.

आता हेच अंतर ऑक्सिजनच्या हिशेबात मांडून बघ. खोल पाण्यात दाबामुळे रक्तात आणि पेशींत नायट्रोजन विरघळतो. वर येताना तो सावकाश, श्वासावाटे निघून गेला पाहिजे. घाई झाली तर सोड्याची बाटली फटकन उघडल्यासारखे बुडबुडे धरतात: सांधे दुखतात, हातपाय बधिर होतात, कधी लघवीच होत नाही. यावर खरा उपाय रीकॉम्प्रेशन चेंबर, म्हणजे माणसाला पुन्हा दाबाखाली ठेवणारी बंद खोली. तिथे पोचेपर्यंत मास्कने शुद्ध ऑक्सिजन द्यायचा. 10 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार दाबाने (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब) भरलेला ऑक्सिजन म्हणजे 2000 लिटर. मिनिटाला 15 लिटर सोडला तर तो सव्वादोन तासांत संपतो. आणि किनारा एक रात्र लांब.

म्हणून बोटीवर चढल्या चढल्या विचार: ऑक्सिजनचे सिलिंडर किती, भरलेले आहेत का, मास्क कुठे ठेवलाय, जवळचा चेंबर कोणता आणि तिथवर किती तास लागतात. विचारायला लाजू नकोस. चांगला गाइड या प्रश्नाने खूश होतो आणि पेटी उघडून दाखवतो. जो वैतागतो, त्याच्याबद्दल काय समजायचं ते समज.

एकदा हे अंतर डोक्यात बसलं की बाकीचे निर्णय आपोआप सोपे होतात. तुझं प्रमाणपत्र 18 मीटरचं आहे ना? मग 18 म्हणजे 18. खाली 28 मीटरवर हॅमरहेड शार्क दिसला तरी. आणि इतर सगळे खाली गेले तरी. खोलीची हवा किती महाग असते तेही एकदा कागदावर करून बघ. 12 लिटरचा टँक 200 बारला भरला तर आत 2400 लिटर हवा. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर ओढणारा माणूस ती दोन तास पुरवेल. 30 मीटरवर दाब चौपट, म्हणून तोच श्वास चौपट हवा खातो. तीच हवा अर्ध्या तासात संपते, आणि त्यातही 50 बार राखीव धरायचे असतात. भीतीने धाप लागली तर हा हिशेबही कोलमडतो. कॉम्प्युटरवर 'अजून 4 मिनिटं' दिसली तर ती 4 मिनिटं तशीच राहू दे. वर येताना मिनिटाला 9 मीटरहून वेग नको, आणि 5 मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबा कधीच चुकवायचा नाही.

रोज चार डाइव्ह म्हणजे नायट्रोजनची उधारी. आजची पूर्ण फिटत नाही तोवर उद्याची चढते. तिसऱ्या दिवशी दुपारची एक डाइव्ह सोड आणि डेकवर आडवं हो. पैसे भरलेत म्हणून सोडवत नाही, ठाऊक आहे मला. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी दमलेली, पाणी कमी प्यायलेली माणसं चुका करतात, हे मी इतक्या बोटींवर पाहिलंय की आता त्याचं नवल वाटत नाही. नायट्रॉक्सचा कोर्स जमला तर आधी उरकून घे. नायट्रॉक्स म्हणजे टँकमध्ये भरायचं वायूंचं मिश्रण. त्यात हवेतल्या 21 टक्क्यांऐवजी साधारण 32 टक्के ऑक्सिजन असतो, म्हणजे नायट्रोजन कमी. पण त्याने खोल जाता येतं हा गैरसमज डोक्यातून काढ. उलट आहे. 32 टक्क्यांचं मिश्रण घेऊन 34 मीटरच्या खाली गेलं तर ऑक्सिजनच विषारी ठरू शकतो. आणि शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसायला किमान 18 तास जाऊ देत. मी तर पूर्ण दिवस सोडते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, प्रवाह. माझ्या नावावर तेव्हा 200 च्या वर डाइव्ह होत्या, म्हणजे शहाणपण अंगात मुरायच्या ऐवजी डोक्यात गेलं होतं. एका निर्जन बेटाच्या टोकाशी आम्ही उतरलो. पहिला अर्धा तास पाणी तळ्यासारखं. मग टोक ओलांडलं आणि प्रवाहाने कूस बदलली. गाइड आणि बाकीचे बेटाच्या आडोशाला राहिले, मी आणि माझा बडी मोकळ्या समुद्राकडे. नियमाप्रमाणे वर आलो तर लाटांशिवाय काही दिसेना. बोट बेटाच्या पलीकडे. माझं सॉसेज? बोटीवरच्या पेटीत, नीट घडी घालून ठेवलेलं. 'आजची डाइव्ह सोपी आहे' म्हणून. ताशी दोन किलोमीटरचा प्रवाह म्हणजे फार नव्हे, पण वीस मिनिटांत तो माणसाला साडेसहाशे मीटर नेतो, आणि तेवढ्या अंतरावरून लाटांतलं डोकं नारळासारखंसुद्धा दिसत नाही. आम्ही सापडलो ते बडीच्या पिवळ्या फिनमुळे. त्याने एक फिन काढून हात उंच करून धरली होती, आळीपाळीने आम्ही ती एक तास दहा मिनिटं धरून ठेवली. डिंगी (बोटीची छोटी होडी) आली तेव्हा मला रडू आलं नाही, राग आला, स्वतःचाच. तेव्हापासून सॉसेज खिशात असल्याशिवाय मी पाण्यात पाय टाकत नाही. शिट्टी आणि छोटा टॉर्चही.

प्रवाह वाचायला शीक. आपल्या भाषेत यासाठी किती नेमके शब्द आहेत बघ: अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक मोठा, म्हणून बेटांमधल्या चिंचोळ्या वाटांतून पाणी धावत सुटतं. भांगाला तेच पाणी मवाळ. तुझ्या पाच दिवसांत कोणती तिथी येतेय ते आधी बघ. नवख्या माणसाने पहिली सफर भांगाच्या दिवसांत करावी असं माझं स्पष्ट मत आहे. पाण्याखाली गेल्यावर माशांकडे बघ. ते प्रवाहाकडे तोंड करून पोहतात, सगळा थवा एका दिशेला नाक करून उभा असेल तर पाणी समोरून येतंय. आपले बुडबुडे वर जायच्या ऐवजी आडवे किंवा खाली जाताना दिसले तर भिंतीलगत खाली ओढणारा प्रवाह लागलाय. अशा वेळी वरच्या दिशेने झुंजण्यात दम घालवू नकोस. भिंतीपासून बाजूला, मोकळ्या पाण्याकडे आडवं पोह, बीसीडीत (तरंगण्यासाठी हवा भरायच्या जाकिटात) थोडी हवा भर, आणि ओढ सुटली की ती हवा लगेच सोडायची, नाहीतर बाण सुटल्यासारखं वर जाशील.

शेवटच्या पाच मीटरमध्ये कान आणि डोळे दोन्ही वर असू देत. पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने येतो, त्यामुळे इंजिन ऐकू येतं पण डावीकडे की उजवीकडे ते कानाला उमगत नाही. सॉसेज खालूनच वर सोड, दोरा हाताला गुंडाळू नकोस, आणि वर येताना स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घे.

कानांचं थोडक्यात. पहिल्या 10 मीटरमध्ये दाब दुप्पट होतो, म्हणून त्रास तिथेच जास्त. दुखायच्या आधी हवा फुंकून कान मोकळे कर. सर्दी असेल तर डाइव्ह नाही. गोळी घेऊन उतरलं तर तिचा असर पाण्याखालीच ओसरू शकतो, मग वर येताना हवा अडकते. रोज शेवटी कान गोड्या पाण्याने धुऊन कोरडे करायचे.

इतकं सगळं वाचून वाटेल, कशाला जायचं तिथे? ते पाणी फार श्रीमंत असतं म्हणून. आणि ती श्रीमंती येते कुठून हे कळलं तेव्हा मी चाट पडले. हिंदी महासागरातल्या चागोस बेटांचा 2018 मधला एक अभ्यास आहे. काही बेटांवर जहाजांबरोबर आलेले उंदीर, काही बेटं उंदरांशिवाय. जिथे उंदीर नव्हते तिथे समुद्रपक्षी भरपूर. त्यांची विष्ठा पावसाने वाहून प्रवाळांपर्यंत जाते, त्यातला नायट्रोजन शैवालापासून माशांपर्यंत चढतो. त्या बेटांभोवती माशांचं एकूण वजन जवळपास निम्म्याने जास्त भरलं. म्हणजे झाडावर बसलेला पक्षी आणि खाली चरणारा पोपटमासा एकाच पंगतीतले. म्हणून बेटावर उतरायची परवानगी असली तरी सामानात, खोक्यांत काय चाललंय ते बघ. एक गाभण उंदरीण पुरते.

जाता जाता, याच चागोसमधली माणसं 1968 ते 1973 च्या दरम्यान दिएगो गार्सियावरच्या लष्करी तळासाठी हलवली गेली. तेव्हा 'कधी कुणी राहिलंच नाही' असं बोटीवर कुणी सांगितलं की मी विचारते, नक्की? काही बेटं निर्जन असतात, काही निर्जन केलेली असतात.

प्रवाळांबद्दल तुला वेगळं सांगायला नको. भरीव, गोलाकार प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. तुझ्या गुडघ्याने मोडलेला हातभर तुकडा अर्ध्या शतकाचा असू शकतो. हात लावायचा नाही, हातमोजे घालून तर मुळीच नाही, कारण मोजे घातले की हात आपोआप धरायला जातो. 2023 पासून सुरू झालेल्या जागतिक ब्लीचिंगनंतर (पाणी तापून प्रवाळ पांढरे पडण्याच्या घटनेनंतर) काही ठिकाणी तुला पांढरे सांगाडे दिसतील. तेही बघ, डोळे फिरवू नकोस.

निघायला दीड महिना आहे. तोवर तलावात जाऊन सॉसेज सोडायचा सराव कर: पाच मीटरवर, एका जागी तरंगत, खाली-वर न होता. पहिल्या दहा वेळा दोरा फिनमध्ये अडकेल, माझाही अडकला होता. सलग दहा वेळा नीट सुटलं की मला कळव. मग कॅमेऱ्याचं बोलू.

तुझी,
ताई