एम.ए.च्या प्रोजेक्टसाठी चॅटजीपीटी वापरला तर पकडलं जाईल का?

तुमचं शिक्षण मराठी माध्यमातून झालंय, एम.ए. अर्थशास्त्राचा प्रोजेक्ट इंग्रजीत लिहायचाय आणि चॅटजीपीटी वापरला तर कॉलेजच्या तपासणीत सापडू, अशी धास्ती आहे. मी हाच विषय शिकवतो आणि प्रोजेक्टला गाईडही असतो, म्हणून सांगतो: वापरा, पण समजून घेण्यासाठी.

घरात कॉलेजची पायरी चढलेलं कुणी नसलं की अडलेलं विचारायचं कुणाला, हाच मोठा प्रश्न असतो. वर्गात हात वर करायला मुलं बिचकतात. ‘सीमांत उपभोग प्रवृत्ती’ म्हणजे काय, हे आता रात्री अकरा वाजता मराठीत विचारता येतं, आणि नाही कळलं तर पुन्हा विचारता येतं. आमच्या पिढीला ही सोय नव्हती.

आता धास्तीबद्दल. तपासणी दोन प्रकारची असते आणि बरेच प्राध्यापकसुद्धा त्यात गल्लत करतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, ते वाङ्मयचौर्याबद्दल. त्या अहवालात कुठलं वाक्य कुठून आलं ते दिसतं, त्यामुळे तुम्हाला उत्तर देता येतं. मजकूर यंत्राने लिहिला का हे सांगणारा एआय डिटेक्टर मात्र नुसता अंदाजाचा आकडा देतो. पुरावा काहीच नाही, मग खोडून काढणार काय? चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर अचूकता कमी म्हणून जुलै 2023 मध्ये बंद केला. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टर तपासले, तेव्हा टोफेल (इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांची इंग्रजीची परीक्षा) देणाऱ्यांनी स्वतः लिहिलेले निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे ठरले. कारण साधे शब्द, ठरावीक वाक्यरचना. आपली मुलं इंग्रजी अशीच लिहितात! म्हणून केवळ त्या आकड्यावरून कुणाचे गुण कापणं मला अन्यायाचं वाटतं, आणि विभागाच्या बैठकीत मी तसं बोलतो.

खरा धोका वेगळाच आहे. एका विद्यार्थिनीच्या संदर्भसूचीत पीककर्जावरचा एक लेख होता. नियतकालिक खरं, लेखक खरे, खंड आणि पानंही दिलेली. तो अंक काढून बघितला तर त्या पानांवर भलताच लेख. असा लेख कुणी लिहिलेलाच नव्हता, तो एआयने रचलेला होता. त्यामुळे जो संदर्भ स्वतः उघडून वाचला नाही, तो सूचीत घालू नका. आणि सर्वेक्षणाच्या प्रश्नावल्या एआयकडून भरून घेऊ नका. गावात जाऊन माणसांशी बोललेलं व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, दोन प्रश्नांत कळतं. कर्ज सोसायटीचं होतं की सावकाराचं, हप्ता का थकला, हे तिथे गेलेला न अडखळता सांगतो.

पहिला मसुदा मोडक्यातोडक्या इंग्रजीत का होईना, स्वतः लिहा, मग भाषा सुधारून घ्या. गूगल डॉक्समध्ये लिहिलंत तर जुन्या आवृत्त्या राहतात, ती फाईल पुसू नका. एआय कुठे वापरलं ते गाईडना आधीच सांगा आणि प्रस्तावनेत दोन ओळींत नोंदवा. उद्या कुणी शंका घेतलीच, तर दाखवायला हे सगळं हाताशी असेल.