एकाच माळेचे मणी?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझा लेख दोनदा वाचला. मेहनत दिसते. पण ‘सोशल डेमोक्रॅट (म्हणजे निवडणुकीच्या मार्गाने समाजवाद आणू पाहणारे) आणि फॅसिस्ट हे एकाच माळेचे मणी’ या वाक्यापाशी अडलो.

तुझा राग मला परका नाही. मी सोलापूरचा. मे १९३० मध्ये आमच्या गावावर मार्शल लॉ लादला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. तेव्हा लंडनमध्ये सरकार होतं मजूर पक्षाचं, म्हणजे तिथल्या सोशल डेमोक्रॅटांचं. भारतमंत्री वेजवुड बेन त्याच पक्षाचे. तिकडच्या कामगारांनी मतं देऊन बसवलेलं सरकार, आणि इकडे गिरण्यांच्या गावातल्या माणसांच्या गळ्यात फास. लहानपणी चार पुतळ्यांपाशून जाताना हे कुणी सांगितलं नव्हतं. पुढे कळलं तेव्हा फार लागलं.

हा रोग जुना. जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅट पक्षाने आफ्रिकेतल्या हेरेरो आणि नामा लोकांवरच्या युद्धाचा खर्च नाकारला, त्यावरून १९०७ ची निवडणूक झाली आणि त्यांच्या जागा ८१ वरून ४३ वर आल्या. वसाहतींना विरोध महाग पडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्टुटगार्टला समाजवाद्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मादाम कामांनी आपला झेंडा फडकवला तीच. तिथे काही प्रतिनिधींचं म्हणणं होतं की वसाहती सरसकट वाईट नाहीत, समाजवादी राजवटीत त्या उपकारकही ठरतील. ते १२७ विरुद्ध १०८ मतांनी फेटाळलं गेलं. फरक एकोणीस मतांचा! पुढे ४ ऑगस्ट १९१४ ला जर्मन पक्षाने युद्धकर्जाला मत दिलं, ते मला आकस्मिक वाटत नाही.

एवढं सगळं मान्य करूनही तुझं वाक्य चूकच आहे, आणि ती चूक एकदा फार महागात पडलीय. १९२८ नंतर कॉमिन्टर्नने, म्हणजे कम्युनिस्ट पक्षांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, सोशल डेमोक्रॅटांना ‘सोशल फॅसिस्ट’ ठरवलं. १९१९ मध्ये जर्मन कम्युनिस्ट नेत्या रोझा लुक्झेंबर्गची हत्या झाली तेव्हा सत्तेत हाच पक्ष होता, १९२९ च्या मे दिनी बर्लिनमध्ये कामगारांवर गोळ्या चालल्या तेव्हा पोलीसप्रमुख याच पक्षाचा होता. जखम खरी होती. पण नोव्हेंबर १९३२ च्या जर्मन निवडणुकीचे आकडे बघ: नाझी १९६ जागा, सोशल डेमोक्रॅट १२१, कम्युनिस्ट १००. शेवटच्या दोघांची बेरीज तूच कर. हे दोघे मात्र एकमेकांकडे पाठ करून उभे होते.

आणि २३ मार्च १९३३ चा दिवस. संसद ऑपेराच्या इमारतीत भरलेली, आत गणवेशातले नाझी उभे. कम्युनिस्ट खासदार तुरुंगात, नाहीतर भूमिगत. हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याविरुद्ध सोशल डेमोक्रॅटांचा नेता ओटो वेल्स बोलायला उठला: आमचं स्वातंत्र्य, आमचा जीवही घ्याल, अब्रू घेऊ शकणार नाही. विरोधात मतं पडली ९४. सगळी त्याच्या पक्षाची. फॅसिस्ट असते तर त्यांनी हे कशाला केलं असतं? कॉमिन्टर्नचा नेता दिमित्रोव्हने फॅसिझमविरुद्ध संयुक्त आघाडीची हाक दिली १९३५ मध्ये. तोवर दोघांचीही माणसं एकाच छळछावणीत होती.

म्हणून ते वाक्य काढ. त्याजागी विचार, की मायदेशी मताधिकारासाठी लढणारा पक्ष वसाहतीत फास का आवळतो. लेखाचं खरं काम तिथे आहे. सोलापूरच्या खटल्यापासून सुरुवात कर. पुढचा खर्डा घेऊन इकडेच ये, चौकात जाऊन बसू.

तुझा,
काका